घरच्या बाईचं काम मोजायचं कसं?



मागच्या वेळी सभासदांची माहिती भरून घेताना एक चूक आमच्याच हातून झाली. फॉर्मवर 'घरातले किती जण मासेमारी करतात?' असा एकच प्रश्न होता आणि तो आम्ही होडीच्या मालकाला विचारला. उत्तर ठरलेलं, "मी आणि थोरला पोरगा." बायको? "काही नाही, घरीच असते." हे बोलणं चाललेलं असताना ती अंगणात बसून फाटलेलं जाळं सांधत होती. आम्ही 'गृहिणी' लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो.

या एका शब्दानं नुकसान होतं. मत्स्य संपदा योजनेच्या अपघात विम्यात मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख मिळतात, पण नाव मच्छीमार म्हणून नोंदलेलं पाहिजे. टोपली घेऊन बाजाराला जाताना गाडीवरून पडलेली बाई कागदावर 'गृहिणी' असली तर काय करायचं? त्याच योजनेत सर्वसाधारण गटाला खर्चाच्या 40 टक्के अनुदान आहे, महिलेला 60 टक्के. तेही नाव असेल तर.

मग नीट मोजायचं कसं? यावर जगात बरंच काम झालंय, त्यातलं आपल्या उपयोगाचं तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, विचारायचं कोणाला. पूर्वी अभ्यासवाले काय करायचे, तर बाई कुटुंबप्रमुख असलेली घरं एकीकडे, पुरुष प्रमुख असलेली दुसरीकडे, आणि दोन्हींची तुलना. पण नवरा-बायको एकाच छपराखाली असतील तर त्यांच्यातला फरक यात दिसतच नाही. आपल्याकडं तर बहुतेक घरं तशीच. 2012 साली शेतीतल्या महिलांसाठी एक निर्देशांक निघाला, त्याची चाचणी बांगलादेश, ग्वाटेमाला आणि युगांडात झाली. त्यात एकाच घरातल्या बाईला आणि पुरुषाला वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात. काय पिकवायचं ते कोण ठरवतं, जमीन-अवजार कोणाच्या नावावर, पैसा कोण खर्च करतं, गटात बोलता येतं का, आणि दिवसाचा वेळ कुठं जातो. आदल्या 24 तासांत साडेदहा तासांपेक्षा जास्त काम झालं असेल तर कामाचा बोजा जास्त धरतात. आपल्यातल्या कितीजणी या हिशेबात बसतील, बघा.

दुसरी गोष्ट, 'काम करता का?' असं विचारायचंच नाही. बाई स्वतःच "नाही" म्हणते. 'काल दिवसभर काय केलं?' असं विचारायचं. आपल्या सरकारनं 2019 मध्ये देशभर वेळेची पाहणी केली, ती अशीच. पहाटे 4 पासून दुसऱ्या दिवशी पहाटे 4 पर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशेब. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यातच जातात असं निघालं, पुरुषांचे 97. शिवाय 100 पुरुषांतले 26च घरकामाला हात लावतात, बायका 81.

समजा, एक बाई पहाटे बर्फ फोडून क्रेट भरते, मग चिलापी-कटला निवडते, बाजारात बसते, दुपारी जाळं सांधते आणि मांडीवर लेकरू असतं. त्या तासाला लेकरू लिहायचं का जाळं? दोन्ही लिहायचं. एकच लिहिलं की जाळं गायब होतं, हमखास.

एक दिवस विचारूनही भागत नाही. सोन्न बॅरेजला पाणी भरपूर असतानाचा दिवस वेगळा आणि उन्हाळ्यात भीमा आटल्यावरचा वेगळा. म्हणून दोनदा विचारायचं, आणि गाणगापूरच्या पौर्णिमेच्या गर्दीचा दिवस सोडून.

मालकीचंही तसंच. 'होडी कोणाची?' म्हटलं की "आमची" म्हणतात. पुढं विचारायचं, 'विकायची ठरली तर बाईला विचारल्याशिवाय विकता का?' खरं उत्तर इथं निघतं.

या वेळी फॉर्म नवा केलाय. बायकांना आपल्या भगिनी सभासदच विचारतील, पुरुषांना आम्ही, वेगळ्या खोलीत. तेवढ्या वेळात मालकांनी मधे मधे डोकावून "तिला काय कळतंय" म्हणू नये, चहा ठेवला तर चालेल. बाईचं आधार कार्ड आणि तिच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक काढून ठेवा. पासबुक नसेल तर आधी आम्हाला सांगा, खातं उघडायला सोबत येऊ.