लंगोट की डायपर? एक घरगुती हिशेब

इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात लंगोटावर लेख म्हटल्यावर हसू येणारच! पण ताई बाळंतपणाला माहेरी आली आणि घरात दोन पक्ष पडले. आईने जुन्या सुती साड्या फाडून तीस लंगोट शिवले, तर भाऊजी डायपरचं मोठं पाकीट घेऊन आले. आमच्या नळाला पाणी येतं सात दिवसांनी. हिशेबाचं काम अर्थातच भावी इंजिनिअरकडे आलं.

आधी डायपर उघडून पाहिला. आतला मऊ थर पॉलिप्रॉपिलिनचा, बाहेरचा पॉलिथिनचा, मध्ये लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलिॲक्रिलेटचे दाणे. हे दाणे शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषतात. लघवीत क्षार असल्यामुळे हा आकडा तीस-चाळीस पटींवर येतो. (फुगलेल्या जेलवर चिमूटभर मीठ टाकून बघा, पाणी सुटतं.) तरीही बाळाची रात्र कोरडी जाते, हे मान्य करायला हवं. सुती कापडात पाणी तंतूंच्या फटींत अडकतं, दाबलं की बाहेर येतं. म्हणून लंगोट ओला झाला की लगेच बदलावा लागतो, नाहीतर पुरळ ठरलेलं.

आता पाणी. वीस लंगोट हाताने धुवायला आईला रोज ४० लिटर लागतात, म्हणजे आठवड्याला २८० लिटर, जवळजवळ दीड ड्रम! आपलं पाणी जायकवाडीहून सुमारे १०० मीटर चढवून आणावं लागतं. mgh मांडा: १००० लिटरला ०.२७ युनिट. गळती-घर्षण धरून दुप्पट केलं, तरी ४० लिटरला ०.०२ युनिट. एवढ्यात ९ वॅटचा बल्ब दोन तास जळेल. म्हणजे अडचण विजेची नाही, ड्रमची आहे. त्यावर आईचा उपाय असा, की शेवटच्या खळबळण्याचं पाणी उद्याच्या पहिल्या धुण्याला.

ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २००८ च्या अभ्यासात डायपर आणि कापडी लंगोट कार्बनच्या बाबतीत जवळपास सारखे निघाले. अडीच वर्षांचे अनुक्रमे सुमारे ५५० आणि ५७० किलो. कारण तिथलं गरम पाणी आणि ड्रायर. कपडे बाहेर वाळवले, मशीन पूर्ण भरून लावलं, तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, की कापडाचा आकडा सुमारे २०० किलोने उतरतो. आपल्या गच्चीवर मराठवाड्याचं ऊन फुकट आहे. पावसाळ्याचे दोन महिने मात्र घरभर दोऱ्या!

आणि कचरा? रोज पाच डायपर, वापरलेला एक १५०-२०० ग्रॅमचा, म्हणजे वर्षाला तीनशे किलो. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक झाली. शहरात रस्तोरस्ती ढीग साचले होते, ते आपण विसरलेलो नाही. डायपरचं खत होत नाही. आणि तो उघडून वेगळा करतो तो कुणीतरी माणूसच.

शेवटी तह असा झाला: दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर. तोही वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल खूण करून घंटागाडीत वेगळा द्यायचा. खूण करायचं काम भाऊजींकडे आहे.