जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हवर स्प्रिंग रिव्हर्ब

महाड-पोलादपूरकडे गिटारवाले मोजके, पण बेंजोवाले मुबलक. गणपती असो की हळद, पिकअप लावलेला बुलबुलतरंग अँप्लिफायरला जोडला की पार्टी सुरू. खालचं यंत्र दोन्ही वाद्यांना चालतं. तारेचा आवाज स्प्रिंगमधून फिरवून आणला की उघड्या मांडवातही तो गाभाऱ्यात वाजवल्यासारखा घुमतो. गिटारसाठी असं यंत्र स्वतंत्र पेटीत फेंडर कंपनीने १९६१ साली बाजारात आणलं. त्यातला स्प्रिंगचा टँक मुळात हॅमंड ऑर्गनवाल्यांचा. आपली रचना त्याहून साधी आहे: दोन व्हॉल्व्ह आणि दोन बटणं.

आत २५० व्होल्ट डीसी खेळतं आणि ते माणूस मारायला पुरेसं आहे. मीटर धरता येत नसेल, तर रेडिओ दुरुस्तीची सवय असलेला कुणीतरी शेजारी बसवूनच काम करा.

जमवाजमव

व्हॉल्व्ह हवेत ईसीएल८२ आणि ईसीसी८३. पहिला जुन्या फिलिप्स, मर्फी, बुश अशा घरगुती रेडिओंत सापडतो. दुसरा जुन्या लाउडस्पीकर अँप्लिफायरमध्ये किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेला माल मिळाला तर डोळे झाकून घ्या. नावातलं पहिलं अक्षर मात्र नीट वाचा. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर. ‘यू’ने सुरू होणारा यूसीएल८२ दिसायला तसाच, पण त्याचा हीटर ५० व्होल्टचा, इथे निरुपयोगी. ‘यू’ मालिकेच्या रेडिओत मेन ट्रान्सफॉर्मर बहुधा नसतो आणि चॅसीलाच फेज येऊ शकते, म्हणून तो सेट उघडण्याआधी प्लग काढा.

रेडिओतून आणखी एक वस्तू काढायची: ईसीएल८२चा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. प्रायमरी पाच हजार ओहमच्या आसपास, सेकंडरी स्पीकरची. तोच आपल्या स्प्रिंगला ढकलणार.

टँक घरी बनवण्याच्या फंदात पडू नका. अॅक्युट्रॉनिक्स किंवा मॉड कंपनीचा, ४एबी३सी१बी क्रमांकाचा लांब टँक मागवा: आत जाणारी बाजू ८ ओहम, बाहेर येणारी २२५० ओहम. हे आकडे १ किलोहर्ट्झवरचे आहेत. मीटर डीसी रोध दाखवतो, म्हणून पहिल्या बाजूला जेमतेम ०.८ ओहम आणि दुसऱ्या बाजूला २०० च्या आसपास दिसेल. टँक खराब निघाला म्हणून परत पाठवू नका.

मेन ट्रान्सफॉर्मर

पैसा खर्चायचा तो इथे. सावित्रीच्या पुरात, म्हणजे २००५ किंवा २०२१ साली, पाण्याखाली गेलेल्या सेटचा मेन ट्रान्सफॉर्मर कितीही उन्हात वाळवला तरी वापरू नका. गाळाचं पाणी कागदात आणि इनॅमलच्या चिरांत बसतं, मीटरवर वाइंडिंग चांगलं दिसतं, आणि भर पावसाळ्यात एका संध्याकाळी धूर निघतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही हाच नियम.

नवा गुंडाळून घ्या. वाइंडरला सांगायचं ते असं: प्रायमरी २१०, २३० आणि २५० व्होल्टचे टॅप, सेकंडरी १८० व्होल्ट, १०० मिलिअँपियर, दुसरी सेकंडरी ६.३ व्होल्ट, २ अँपियर. वॉर्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवून द्यायला सांगा. पंपाच्या मोटारी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण छोटं काम म्हणून तो टाळतो. टाळू देऊ नका.

पेटी आणि चॅसी

चॅसी १६ गेज अॅल्युमिनियमची. बिरवाडीकडच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा वाकवून देणारं कुणी ना कुणी भेटतंच. पेटी फणसाची किंवा सागाची करा, भुशाच्या बोर्डाची नको. इथल्या आषाढात तो फुगतो आणि स्क्रू सोडतो. मेन ट्रान्सफॉर्मर एका टोकाला आणि टँकची बाहेर येणारी बाजू विरुद्ध टोकाला. टँक तळाशी, उघडी बाजू खाली, चारही कोपऱ्यांखाली मऊ फोम. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मेनच्या काटकोनात बसवा.

जोडणी

आधी वीज. तीन पिनांचा प्लग, फेजवर ५०० मिलिअँपियरचा संथ फ्यूज, मग स्विच. हिरवी तार चॅसीला बोल्टने आवळायची, नुसता डाग देऊन भागत नाही. १८० व्होल्टला १एन४००७चे चार डायोड ब्रिजमध्ये लावा. पुढे ४७ मायक्रोफॅरड, १ किलोओहम ५ वॉट, पुन्हा ४७ मायक्रोफॅरड. तिथून १० किलोओहम आणि २२ मायक्रोफॅरड. कंडेन्सर सगळे ४५० व्होल्टचे. पहिल्या कंडेन्सरवर २२० किलोओहम १ वॉटचा रेझिस्टर कायमचा, म्हणजे बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांत साठा उतरतो. तरी हात घालण्याआधी मीटरने बघाच.

हीटरच्या तारा एकमेकींना पिळून चॅसीला चिकटवून न्या. ईसीएल८२ला ४ आणि ५ पिना. ईसीसी८३ला ४ आणि ५ एकत्र करून एक तार, दुसरी ९ला. दोन्ही तारांवरून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर जमिनीला दिला की घोंघावणं बरंच उतरतं.

आता सिग्नल. गिटार ६८ किलोओहममधून ईसीएल८२च्या पिन १ला, तिथून १ मेगओहम जमिनीला. पिन ९ला १०० किलोओहम तिसऱ्या कंडेन्सरवरून. पिन ८ला १.५ किलोओहम आणि त्याला समांतर २२ मायक्रोफॅरड. इथे आवाज सुमारे पन्नासपट होतो. पिन ९पासून दोन वाटा फुटतात. कोरा आवाज २२ नॅनोफॅरड आणि १ मेगओहममधून येतो, पुढे २२ किलोओहम जमिनीला, म्हणजे तो जवळजवळ मूळ पातळीवर उतरतो. ओल्या, म्हणजे स्प्रिंगमधून फिरणाऱ्या, आवाजाची वाट १ नॅनोफॅरडमधून ५०० किलोओहमच्या ‘ड्वेल’ पॉटला जाते. कंडेन्सर मुद्दाम छोटा ठेवला आहे. मोठा लावला तर खर्जाने स्प्रिंग गढूळ वाजते.

पॉटच्या मधल्या टोकाकडून १० किलोओहममधून पिन ३. पिन २ला ४७० ओहम २ वॉट आणि समांतर १०० मायक्रोफॅरड. पिन ७ दुसऱ्या कंडेन्सरवर, पिन ६ आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून तिथेच. सेकंडरी टँकच्या आत जाणाऱ्या सॉकेटला. टँकची ही तार काढून ठेवून वाद्य छेडू नका, बिनओझ्याचा ट्रान्सफॉर्मर आतून फुटू शकतो.

टँकमधून परत येतात ते थोडेसे मिलिव्होल्ट. म्हणून ईसीसी८३चे दोन्ही अर्धे समांतर: १ आणि ६ एकत्र, २ आणि ७ एकत्र, ३ आणि ८ एकत्र. ग्रिडला २२० किलोओहम जमिनीला, अॅनोडला तिसऱ्या कंडेन्सरवरून १०० किलोओहम, कॅथोडला ८२० ओहम आणि समांतर २२ मायक्रोफॅरड. इथे खरखर कमी, हीच या जोडणीची कमाई. टँक ते ग्रिड शील्डवाली तारच वापरा. अॅनोडकडून २२ नॅनोफॅरड, मग २२० किलोओहम जमिनीला.

शेवटी २५० किलोओहमचा ‘मिक्स’ पॉट: एका टोकाला कोरा, दुसऱ्याला ओला, मधलं टोक आउटपुट जॅकला.

पहिल्यांदा चालू करताना

व्हॉल्व्ह न लावता, ६० वॉटचा सिरीज दिवा मध्ये घालून वीज द्या. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तेजाने जळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. पहिल्या कंडेन्सरवर २५० च्या आसपास व्होल्ट हवेत. बंद करून व्हॉल्व्ह बसवा, दिवा काढा, पुन्हा चालू करा. ईसीएल८२च्या पिन २वर १३ ते १८ व्होल्ट आले की काम जमलं. २० च्या वर गेले तर टॅप तपासा: तुमच्या वाडीत २४५ व्होल्ट येत असतील तर २५०च्या टॅपवर जा. सगळी मापं एकाच हाताने, दुसरा हात खिशात.

घोंघावणं राहिलं तर टँक हातात धरून हळूहळू वळवा. एका कोनात ते जवळजवळ नाहीसं होतं. तोच कोन पेटीत कायम करा. मिरवणुकीच्या टेम्पोवर मात्र हे यंत्र ठेवू नका: आंबेनळी घाटातला एकेक खड्डा स्पीकरमधून गडगडेल. पावसाळ्यात न वाजवता आठवडे गेले तर आधी अर्धा तास नुसतं चालू ठेवा.

आणि पुरात बुडालेला रेडिओ भंगारात घालण्याआधी त्यातले व्हॉल्व्ह काढून घ्या. काच शाबूत असेल तर आत पाणी जात नाही. पिना घासा आणि टोकाचा चंदेरी डाग पाहा. तो चकचकीत असेल तर व्हॉल्व्हची निर्वात पोकळी शाबूत आहे. पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो टाकून द्या.