कंपनीचे गाव कोणते?

अर्थशास्त्राच्या तासाला 'कंपनी' हा शब्द आपण रोज ऐकतो. परंतु कंपनी राहते कोठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. माणसाचे गाव त्याच्या घरावरून कळते, दुकानाचे ठिकाण पाटीवरून कळते. कंपनीला घर नाही आणि देहही नाही. ज्या देशाच्या दप्तरात तिचे नाव चढले, तेच तिचे गाव. तेथलाच कायदा तिला जन्म देतो, तेथलाच कायदा तिला जाब विचारतो आणि तिचे नाव दप्तरातून काढतो तोही तोच.

हा प्रश्न आज केवळ पुस्तकी राहिलेला नाही. आमच्या शहागंजासारख्या जुन्या बाजारपेठेतही आता घरबसल्या परदेशी माल विकणारी आणि परदेशी गिऱ्हाइकांची संगणकाची कामे करणारी तरुण मंडळी आहेत. 'एका दिवसात विलायतेत कंपनी' अशा जाहिराती त्यांच्या मोबाइलवर येत असतात. अशी कंपनी काढणे खरोखर शक्य आहे का, आणि शक्य असेल तर काढावी का, याचा विचार मला प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी कायद्याचा विद्यार्थी नाही. तेव्हा हा सल्ला नसून एक अभ्यास आहे, असे वाचकांनी समजावे.

कंपनी ही एक व्यक्ती

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात आरन सालोमन नावाचे बूट तयार करणारे एक व्यापारी होते. १८९२ साली त्यांनी आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. त्या वेळच्या कायद्याला सात भागधारक लागत. सालोमन, त्यांची पत्नी आणि पाच मुले मिळून सात झाले. पत्नी आणि मुले यांच्याकडे प्रत्येकी एक भाग होता, बाकीचे सर्व सालोमन यांच्याकडे. कंपनी लवकरच बुडाली. धनको म्हणाले, 'कंपनी म्हणजे सालोमनच. त्यांच्याकडून पैसे वसूल करा.' खटला ब्रिटिश उमराव सभेपर्यंत गेला. तेथे असा निर्णय झाला की, कंपनी रीतसर नोंदली गेली की ती तिच्या मालकापासून वेगळी व्यक्ती ठरते; तिचे कर्ज ते तिचे, मालकाचे नव्हे. १८९७ च्या निकालसंग्रहात आलेला हा निर्णय आजही कंपनी कायद्याचा पाया मानला जातो.

यालाच आपण 'मर्यादित जबाबदारी' म्हणतो. उद्योजकाला तिचा मोह पडतो तो यामुळेच. परंतु या नाण्याला दुसरी बाजू आहे. कंपनी वेगळी व्यक्ती असेल, तर तिला स्वतःचा देशही असणार. परदेशात कंपनी नोंदवणे म्हणजे त्या देशात एका नव्या व्यक्तीला जन्माला घालणे. ती व्यक्ती आपण पोसायची, पण तिला शिस्त लावणार परके सरकार.

आपल्या गावाचा जुना अनुभव

हा विषय आपल्याला नवा वाटतो. वास्तविक आपल्या गावाने तो फार पूर्वी अनुभवला आहे, फक्त उलट्या बाजूने. १९४८ पर्यंत औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे नाणे वेगळे, हाली सिक्का. इंग्रजी रुपयाला लोक 'कलदार' म्हणत. जकातही वेगळी आणि कायदेही वेगळे. मात्र संस्थानातले मोठे धंदे ज्या कंपन्यांच्या हाती गेले, त्यांची नावे हैदराबादच्या दप्तरात नव्हती. ती लंडनमध्ये होती.

पहिले उदाहरण रेल्वेचे. 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' ही कंपनी १८८३ साली लंडनमध्ये स्थापन झाली. नावात 'गॅरंटीड' आहे याचा अर्थ असा की, भागधारकांना ठरावीक व्याज मिळेल याची हमी निजाम सरकारने दिली होती. गाडी दख्खनमध्ये धावायची, हमी हैदराबादच्या तिजोरीची आणि संचालक मंडळ लंडनचे. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादवरून सिकंदराबादकडे जाणारा मीटरगेज मार्ग सुरू झाला, तोही चालवायला याच कंपनीकडे होता. शहागंजच्या व्यापाऱ्याची गाठोडी ज्या गाडीने जात, तिचा अंतिम हिशेब सातासमुद्रांपलीकडे होत असे. १९३० साली संस्थानाने ही रेल्वे विकत घेतली, तेव्हा कोठे हा कारभार घरी आला.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. १८७१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या डॉ. किंग यांना संस्थानातील येल्लंदू भागात कोळसा आढळला. १८८६ साली निजाम सरकारने खाणींची सनद वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रज गृहस्थांना दिली. त्यांनी त्याच वर्षी लंडनमध्ये 'हैदराबाद (डेक्कन) कंपनी' नोंदवली. भांडवल दहा लाख पौंड, दहा पौंडांचा एक असे एक लाख भाग. यांपैकी पंच्याऐंशी हजार भाग सनद मिळवणाऱ्यांना 'पूर्ण भरलेले' म्हणून देण्यात आले. प्रत्यक्ष खाणकामासाठी लोकांकडून रोख रक्कम उभी राहायची ती फक्त उरलेल्या पंधरा हजार भागांवर. म्हणजे कागदावर दहा लाखांची असलेली कंपनी कुदळ-फावड्यासाठी जेमतेम दीड लाखाची होती.

पुढे असे उघडकीस आले की, निजामातर्फे या व्यवहारात वाटाघाटी करणारे सरदार अब्दुल हक यांनी स्वतःकडे आलेले भागच निजाम सरकारला विकले होते. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. या प्रकरणाची मोठी चौकशी १८८८ साली झाली ती लंडनमध्ये, ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाच्या निवड समितीपुढे. कोळसा येथला, पैसा येथल्या खजिन्याचा आणि साक्षीपुरावे टेम्स नदीच्या काठी! कंपनीचे गाव कोणते, हा प्रश्न कोरडा नाही हे यावरून ध्यानात यावे. जेथे नोंद, तेथे दप्तर. जेथे दप्तर, तेथे जाब.

या कथेचा शेवट मात्र चांगला आहे. २३ डिसेंबर १९२० रोजी हैदराबादच्याच कंपनी कायद्याखाली 'सिंगरेणी कॉलियरीज' ही कंपनी नोंदली गेली. १९४५ साली संस्थानाने तिचे बहुसंख्य भाग घेतले. आज तिचे ५१ टक्के भाग तेलंगण सरकारकडे आणि ४९ टक्के केंद्र सरकारकडे आहेत. खाणी जागच्या जागीच राहिल्या. कंपनीचे गाव बदलले आणि मालकीही हळूहळू घरी आली.

आजची रीत : तिकडचा कायदा

आता काळ उलटला आहे. आपल्याकडचा मनुष्य तिकडे कंपनी नोंदवू शकतो. समजा, शहागंजातील एका हिमरू विक्रेत्याच्या मुलाला इंग्लंडमध्ये कंपनी काढावयाची आहे. तेथील कंपनी निबंधकाच्या कचेरीला 'कंपनीज हाउस' म्हणतात. एक भागधारक आणि एक संचालक पुरतो, आणि तो एकच मनुष्य असला तरी चालते. संचालकाचे वय सोळा पूर्ण हवे. तो ब्रिटिश नागरिक असण्याची किंवा तेथे राहण्याची अट नाही. कंपनीचा पत्ता मात्र त्या देशातलाच लागतो. ४ मार्च २०२४ पासून नुसता टपालपेटीचा पत्ता चालत नाही. तेथे पाठवलेले पत्र कंपनीच्या माणसापर्यंत पोहोचले पाहिजे. १८ नोव्हेंबर २०२५ पासून संचालकाने आपली ओळख पटवणेही सक्तीचे झाले.

देशोदेशींच्या अटी निरनिराळ्या आहेत. सिंगापूरमध्ये किमान एक संचालक तेथेच राहणारा लागतो, आणि सहा महिन्यांच्या आत कंपनी चिटणीस नेमावा लागतो. अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात बाहेरच्या माणसाला कंपनी काढता येते, पण सरकारी कागद स्वीकारणारा नोंदणीकृत प्रतिनिधी त्या राज्यात ठेवावा लागतो. एस्टोनिया या छोट्या देशाने डिसेंबर २०१४ पासून परक्यांना 'ई-रेसिडेन्सी' देण्यास आरंभ केला. तिच्यामुळे संगणकावरून कंपनी चालवता येते. परंतु तेथे राहण्याचा हक्क मिळत नाही आणि आपला करही आपोआप तिकडे जात नाही.

जाहिरात सांगते ती गोष्ट येथवर खरी आहे. ती सांगत नाही ते नोंदणीनंतरचे. इंग्लंडमधल्या कंपनीने काहीही उलाढाल केली नाही, तरी दरवर्षी माहितीपत्रक आणि जमाखर्च सादर करावाच लागतो. खासगी कंपनीचा जमाखर्च उशिरा गेला, तर उशीर किती यावर १५० ते १,५०० पौंड दंड आहे. लागोपाठ दुसऱ्या वर्षीही उशीर झाल्यास तो दुप्पट होतो. अमेरिकेत एकट्या परदेशी मालकाच्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीने मालकाशी झालेल्या व्यवहारांचा ठरलेला तक्ता कर खात्याकडे पाठवला नाही, तर दंड पंचवीस हजार डॉलरचा आहे. लेकरू जन्माला घालणे सोपे. पाळणे अवघड, ही आपल्याकडची जुनीच समज येथेही लागू पडते.

आजची रीत : इकडचा कायदा

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो आपला स्वतःचा कायदा. कंपनी परदेशी असली तरी तिचा मालक शहागंजातच राहतो, आणि भारतात राहणाऱ्याने परदेशात भांडवल कसे गुंतवावे याचे नियम आहेत. १९७३ च्या परकीय चलन कायद्याची जागा घेणारा नवा कायदा १ जून २००० पासून अमलात आला. त्याखालचे परदेशी गुंतवणुकीचे सध्याचे नियम २२ ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाले.

त्यांतील मुख्य गोष्टी अशा. व्यक्तीला एका आर्थिक वर्षात सर्व कारणांसाठी मिळून अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि परदेशी कंपनीतली गुंतवणूक याच मर्यादेत बसवावी लागते. शेअर बाजारात नसलेल्या परदेशी कंपनीचा भाग घेणे म्हणजे 'थेट गुंतवणूक'. मग तो भाग एका पौंडाचा का असेना. रक्कम परकीय चलनाच्या अधिकृत बँकेमार्फतच पाठवायची, तत्पूर्वी बँकेत ठरलेला अर्ज भरून ओळख क्रमांक घ्यायचा, भागांचा दाखला सहा महिन्यांच्या आत बँकेस द्यायचा, आणि कंपनी आपल्या ताब्यात असेल तर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत तिचा अहवाल पाठवायचा. जमीनजुमल्याची खरेदी-विक्री आणि जुगार या धंद्यांना मनाई आहे.

नेमके येथेच पाऊल घसरते. दलालाला कार्डावरून थोडे पैसे दिले, दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र आले आणि बँकेला काहीच कळवले नाही, तर तिकडे कायदेशीर असलेली कंपनी इकडे नियमभंग ठरते. असा भंग सिद्ध झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय प्राप्तिकराच्या विवरणात परदेशी मालमत्ता दाखवावी लागते. ती न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असेल तर या दंडातून सूट मिळाली. ती दाखवण्याचे कर्तव्य मात्र टळलेले नाही.

मग काढावी की नाही?

ज्यांचे काम तेथे आहे त्यांनी अवश्य काढावी. आपल्याच शहरात १९८५ साली सुरू झालेल्या एन्ड्युरन्स कंपनीच्या इटली आणि जर्मनीत उपकंपन्या आहेत. तेथे कारखाने आहेत, कामगार आहेत, गिऱ्हाईकही तेथलेच. उलट चेक देशातील स्कोडा कंपनीने आपल्या शेंद्र्यात मोटारी बनवायचे ठरवले, तेव्हा तिने भारतात नोंदलेली वेगळी कंपनी काढली, आणि २००१ साली येथे मोटारी बनू लागल्या. दोन्हीकडे सूत्र एकच: जेथे काम, तेथे कंपनी.

हिमरूची शाल लंडनला पाठवावयाची एवढेच काम असेल, तर त्यासाठी लंडनची कंपनी लागत नाही. पाचशे रुपये शुल्क भरून आयात-निर्यात क्रमांक मिळतो, आणि २०२२ पासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रेही उघडली आहेत. माल येथून जातो, पैसे येथल्या बँकेत येतात, जाबही येथेच द्यावा लागतो. लहान व्यापाऱ्याला हीच वाट सुरक्षित, असे माझे मत आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण पदवी घेऊन बाहेर पडतील, आणि नोकरी मिळाली नाही तर धंद्याकडे वळतील. घरच्यांनी काटकसरीने जमवलेले चार पैसे त्यांच्या हाती असतील. म्हणून कोणी परदेशी कंपनीचे प्रमाणपत्र पुढे केले, तर आधी तीन प्रश्न विचारावेत: माझे काम तेथे आहे काय? दरवर्षीचे कागद कोण भरणार? आणि माझ्या बँकेला हे ठाऊक आहे काय? हैदराबादच्या दरबारात सनदेवर मोहोर उठण्यापूर्वी 'या कंपनीचे गाव कोणते आणि तिचे भांडवल कोणाच्या खिशातून येणार?' एवढे जरी कोणी ठामपणे विचारले असते, तरी दख्खनच्या कोळशाचा हिशेब लंडनच्या समितीला मांडावा लागला नसता.