गोवराचे गणित

गोवराचा एक रोगी प्रतिकारशक्ती नसलेल्या सुमारे १५ जणांना रोग देतो. साथ अडवायची तर त्या १५ पैकी किमान १४ सुरक्षित हवेत. म्हणजे शेकडा ९३ च्या वर. हिंगोलीतले खेडे असो वा मुंबईतली वस्ती, हिशेब तोच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, आरोग्यसेविका कोविडच्या कामाला जुंपल्या गेल्या आणि अनेक बाळांची नवव्या महिन्यातली लस चुकली. गोवर लगेच उसळला नाही. मुखपट्ट्या आणि बंद दारे यांनी तोही अडला. असुरक्षित मुले मात्र साठत गेली. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे उद्रेक झाले.

आता सांगा : १०० पैकी ९० बाळांना पहिली मात्रा मिळाली आणि ती शंभरात ८५ जणांनाच लागू पडली, तर सुरक्षित किती? दुसरी मात्रा कशासाठी, तेही मग कळेल.