जुन्या कट्यारीचे वय व मूळ कसे ओळखावे?

खंडेनवमीस घरातील शस्त्रे पुजण्याची परंपरा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील जिते यासारख्या गावी एखाद्या जुन्या घरातून वा देवळातून नक्षीदार कट्यार निघाली, की ती शिवकालीन असल्याचे सहजच म्हटले जाते. तथापि, शस्त्र जेथे सापडले तेथेच ते घडले, असे मानता येत नाही.

या परिसराचा इतिहासच त्याचे कारण सांगतो. कुंडलिकेच्या मुखाशी असलेल्या रेवदंडा-चौल बंदरात पोर्तुगीजांचा अंमल सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत होता. जंजिऱ्यास सिद्दी व अलिबागेस आंग्रे यांची सत्ता होती. सागरी व्यापारातून परदेशी पाती येथे येत. मराठीतील ‘फिरंग’ हा तलवारीचा प्रकार युरोपीय पात्यावरूनच नाव पावला. तंजावरच्या शस्त्रागारातील सतराव्या शतकातील अनेक कट्यारींची मूठ दक्षिण भारतीय, तर पाते युरोपीय आहे. म्हणून मूठ, पाते, नक्षी व म्यान या प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करणे हा पहिला नियम होय.

प्रथम घडण पाहावी. दोन समांतर दांड्या व त्यांमधील आडवी मूठ ही कट्यारीची खूण होय. वळणदार दुधारी पाते व कड्यासारखी मूठ असल्यास तो बिचवा, तर रुंद, वाकडे पाते असलेला जंबिया अरबी परंपरेतील होय. मात्र घडणीवरून प्रकार कळतो, काळ नव्हे. तोच घाट पुढे शतकानुशतके घडविला जातो.

नंतर पाते पाहावे. पोलादावर पाण्याच्या लाटांसारखी वळणे दिसल्यास ते मुशीत वितळविलेले उत्तम पोलाद असण्याचा संभव असतो. टोक जाड केलेले असल्यास ते चिलखत भेदण्यासाठी असते. नक्षीचे काम खोल कोरून तार बसविलेले आहे, की खरवडलेल्या पृष्ठावर तार ठोकून केलेले (कोफ्तगरी) आहे, हे भिंगाने कळते. कोरीव लेखात शक असल्यास त्यात ७८ मिळविल्याने इसवी सन कळतो; शके १६६० म्हणजे सन १७३८-३९. परंतु लेख नंतरही कोरता येतो. एकोणिसाव्या शतकात युरोपीय प्रवाशांसाठी शोभेची शस्त्रे मोठ्या प्रमाणावर घडविली गेली, हेही विसरता कामा नये.

घराण्यातील सांगी मोलाची असली, तरी ती पुराव्याच्या जागी येत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये प्रदर्शनासाठी साताऱ्यास आली. साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रांट डफ यांच्याकडे ती होती. तीच १६५९ मध्ये प्रतापगडी वापरली गेली, याची खात्री पटविता आलेली नाही, असे त्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. वस्तूचा मान त्यामुळे कमी होत नाही. इतिहास मात्र शुद्ध राहतो.

सर्वांत मोठी हानी स्वच्छतेच्या नावाखाली होते. चिंच, लिंबू, राख वा काचकागद यांनी घासल्यास पोलादावरील लाटा, सोन्याची तार व अक्षरे झिजतात. मग तज्ज्ञांनाही निदान करता येत नाही. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसणे पुरेसे होय.

ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांनी अशा वस्तूचे मोजपट्टीसह चारी बाजूंनी छायाचित्र घ्यावे, लांबी व वजन लिहावे आणि कुटुंबाने सांगितलेली माहिती वेगळ्या रकान्यात नोंदवावी. शेतात वा पाया खणताना वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या अधिनियमानुसार पुरावशेष ठरतात. परवान्यावाचून त्या परदेशी नेता येत नाहीत. निदानासाठी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचा सल्ला घ्यावा. गावाच्या इतिहासाचे एक पान अशा नोंदीमुळेच टिकून राहते.