टायमिंगला शेवटी हात लाव

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स
12 ऑक्टोबर

चि. मृण्मयी हिस,


तुझा निरोप मिळाला, इंजिनाच्या आवाजाचं रेकॉर्डिंगही दोनदा ऐकलं. 1987ची साब 900 टर्बो, तीही सोळा व्हॉल्व्हची, तू स्वतः शोधून घेतलीस याचा मला फार आनंद झाला. व्हरमाँटच्या बर्फात या गाड्या वर्षानुवर्षं धावल्या आहेत, तुझीही धावेल. सिग्नलला थांबलं की आरपीएम खाली कोसळतात, मग हजाराच्या वर उसळतात आणि गाडी थरथरते, असं तू लिहिलंस. डिस्ट्रिब्युटर जरा फिरवून टायमिंग पुढे घे, आयडल सुधारेल, असा सल्लाही तुला कुणीतरी दिलाय. तो ऐकू नकोस.

ठिणगी लवकर पाडली की आयडल वाढतं आणि थरथर कमी झाल्यासारखी वाटते, हे खरं आहे. पण मूळ दोष जागेवरच राहतो आणि त्यावर दुसरा येऊन बसतो. टर्बोने दाबून भरलेली हवा आधीच तापलेली असते. अशा वेळी ठिणगी लवकर पडली की नॉकिंग सुरू होतं. तुझ्या गाडीत एपीसी आहे. इंजिन ब्लॉकवरचा सेन्सर नॉकिंग टिपतो आणि एपीसी लगेच बूस्ट उतरवते. लक्षात ठेव, ती टायमिंग मागे घेत नाही, फक्त बूस्ट कमी करते. मग गाडी चढावर दमायला लागेल आणि टर्बो गेला असं समजून तू नव्या टर्बोच्या किमती विचारत फिरशील. नॉकिंग फार काळ चालू राहिलं तर पिस्टनही जातो.

आधी हवा तपास. आरपीएम सतत वर-खाली होत असतील तर बहुतेक वेळा कुठेतरी चोरटी हवा शिरत असते. एअर मास मीटरमध्ये एक तापलेली तार असते. तिच्यावरून जितकी हवा जाईल, तितकंच पेट्रोल कॉम्प्युटर सोडतो. मीटरला चुकवून आत शिरलेल्या हवेचा त्याला पत्ताच नसतो, म्हणून मिश्रण पातळ होतं. आणि टर्बोमध्ये गंमत अशी की इनटेक मॅनिफोल्डला चीर असेल, तर आयडलला तीच हवा आत ओढते आणि बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर फेकते. उभी असताना भुकेली, पळताना काळा धूर सोडणारी गाडी दिसली की दोन वेगळे रोग शोधत बसू नकोस.

सगळ्यात सोपी परीक्षा: इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण उघड. निरोगी साब लगेच अडखळते, कारण क्रँककेसचा ब्रीदर इनटेकला जोडलेला असतो. काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीच दुसरीकडून शिरते आहे. मग डिपस्टिकची रबरी रिंग, ब्रीदरची नळी, ब्रेक बूस्टरची नळी, इंजेक्टरांचे ओ-रिंग बघ. हे रबर आता कडक आणि चिरलेलं असणारच. नळ्या एकेक करून चिमट्याने दाब आणि आवाज बदलतो का ऐक. क्लीनरचा फवारा मारून गळती शोधायची पद्धत सांगतील, पण टर्बो शेजारीच खूप तापलेला असतो आणि फवारा पेट घेऊ शकतो. ते धाडस तू करू नयेस, हे मी हक्काने सांगतो. इंजिन गार असताना कुणाकडून इनटेकमध्ये धूर सोडून घे. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्युम नळीही काढून बघ. तिच्यात पेट्रोल दिसलं तर त्याचा पडदा फाटलाय.

मग आयडलचा व्हॉल्व्ह. तो काजळीने अडकतो. काढून धू. थ्रॉटल किंचित उघडलं की स्विचचा 'टिक' आवाज यायला हवा. तो आला नाही, तर आयडल चालू आहे हे कॉम्प्युटरला कळतच नाही.

थरथर वर-खाली न होता एकसारखी, ठोक्यासारखी असेल तर एखादा सिलिंडर काम करत नसेल. प्लगच्या वायरी चालू इंजिनावर ओढू नकोस, झटका जोरदार बसतो. इंजेक्टरचे कनेक्टर एकेक काढ. जो काढल्यावर काहीच बदलत नाही, तो सिलिंडर दोषी. तिथला प्लग, वायर, कॅप, रोटर आणि कॉम्प्रेशन बघ.

एवढं झाल्यावरच टायमिंग लाइट हातात घे. साबचं इंजिन उलटं बसवलेलं आहे: क्लच पुढे रेडिएटरकडे, टायमिंग चेन मागे फायरवॉलकडे. त्यामुळे एक नंबरचा सिलिंडर फायरवॉलच्या बाजूचा असतो. नवखा माणूस इथेच चुकतो. लाइटचा क्लॅम्प त्याच वायरीवर लाव. खुणा फ्लायव्हीलवर, म्हणजे पुढच्या बाजूला दिसतील. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युम नळी काढून बंद कर, आयडल 850च्या आसपास ठेव, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जितक्या डिग्री लिहिल्यात तितक्याच ठेव. बोल्ट आवळल्यावर पुन्हा एकदा तपास, कारण आवळताना डिस्ट्रिब्युटर थोडा सरकतो. स्टिकर गेलं असेल तर मला कळव. अंदाजाने लावू नकोस.

टायमिंग मागे पडलेलं दिसलं, तर फिरवण्याआधी थांब. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालतो. चेन ताणली गेली की कॅम मागे पडतो आणि त्याच्याबरोबर ठिणगीही. मग डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी जागेवर येईल, पण व्हॉल्व्ह मागेच राहतील. थंड इंजिन सुरू करताना मागून खडखड येते का, हे ऐक.

कंपनी 2011च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोर झाली, तरी 900चे बरेच भाग अजून मिळतात. ती काळजी नको. एअर मास मीटर मात्र उगाच बदलू नकोस, तो महाग आहे आणि बहुतेक वेळा निर्दोष असतो.

चारही प्लग काढलेस की ते कुठल्या सिलिंडरचे आहेत ते लिहून, शेजारी-शेजारी ठेवून फोटो पाठव. ऑइलच्या झाकणाच्या परीक्षेत काय झालं, तेही त्याच वेळी कळव.

तुझा
मामा