जखमी मांजर आणि दार लावणाऱ्याची जबाबदारी

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका स्त्रीचा वृत्तांत सांगितला आहे. एका मांजरामुळे ती नरकाग्नीस पात्र ठरली. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, आणि मकतबातील लहान मुलांनाही ती ठाऊक असते. मात्र तिच्यातील अपराध नेमका कोणता, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या स्त्रीने मांजराला मारले, असे तेथे म्हटलेले नाही. तिने त्याला कोंडले, खाऊपिऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडेकीटक खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही. मोकळे मांजर आपले अन्न आपणच शोधते. दार लागले की तो मार्ग खुंटतो, आणि त्याच्या अन्नपाण्याचा भार दार लावणाऱ्यावर येतो.

ही हदीस मी अनेकदा शिकवली होती. तिचा अर्थ मात्र गेल्या पावसाळ्यात उमगला. मशिदीच्या मागील अंगणात वावरणारा, कोणाचाही नसलेला एक बोका मकतबातील मुलांनी गोणपाटात गुंडाळून आणला. त्याच्या शेपटीच्या मुळाशी गळू फुटून दुर्गंधी सुटली होती. पशुवैद्यांनी सांगितले की, दुसऱ्या बोक्याच्या सुळ्याने झालेले छिद्र वरून लवकर मिटते आणि आत गेलेले जंतू पू साठवत राहतात. त्यांनी जखम उघडून धुतली, औषध दिले आणि बोक्याला काही आठवडे आतच ठेवण्यास सांगितले. सतरंज्यांच्या खोलीत आम्ही त्याची सोय केली. चौथ्या रात्री, इशाच्या नमाजनंतर, पाणी मुलांनी ठेवले असेल असे मी समजलो आणि मौलानांनी ठेवले असेल असे मुले समजली. फजरपूर्वी दार उघडले तेव्हा वाटी कोरडी आणि पालथी होती. त्याच आठवड्यात जुम्याच्या बयानात मी त्या स्त्रीची हदीस सांगितली होती.

मालकीच्या जनावराचे पोषण मालकावर बंधनकारक आहे, हे फिकहच्या ग्रंथांत स्पष्ट आहे. मोकाट मांजराला मालक नसतो. त्याला साहाय्य करणे हे पुण्यकर्म होय. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यातून पाणी पाजणाऱ्या माणसाला क्षमा लाभली, ही हदीस त्याला पुरेसा आधार आहे. परंतु उपचारासाठी का होईना, एकदा त्याला कोंडले की ते आपल्या हाती आलेली अमानत बनते. म्हणून ज्यांना रोज दोन वेळा लक्ष देणे शक्य नाही, त्यांनी दयेच्या भरात दार लावू नये. ज्याला शक्य आहे त्याच्याकडे ते मांजर पोहोचवावे. माझे हे मत काहींना कठोर वाटेल.

खरी कसोटी जखम रेंगाळली की लागते. पहिल्या दिवशी सारा मोहल्ला जमतो. तिसऱ्या आठवड्यात एखादाच उरतो. जखम भरत नसेल तर तिला काही कारण असते. मांजर ती सतत चाटते, आत पू किंवा दाताचा तुकडा राहतो, पावसाळ्यात माशा बसून अळ्या पडतात, अथवा मांजराच्या रक्तात प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू असतो. चाटणे रोखण्यासाठी गळ्यात शंकूच्या आकाराचा पट्टा बांधतात. धुण्यासाठी अर्धा लिटर उकळून निववलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ पुरते. घरातील डेटॉल, फिनाईल वा स्पिरिट लावू नये, आणि माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच देऊ नये. एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. हळदीचा लेप आपल्याकडे सर्रास लावतात. उघड्या, पू वाहणाऱ्या जखमेवर तो थापल्यास आत काय चालले आहे ते दिसेनासे होते. दोन दिवस मांजराने अन्नाला तोंड लावले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्यांकडे जावे. उपचार करताना चावा वा ओरखडा बसलाच, तर साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीज मांजरापासूनही होतो.

पाकीविषयी माताभगिनी हटकून विचारतात. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या सुनेने त्यांच्या वुजूसाठी पाणी ओतले, तोच एक मांजर आले. त्यांनी भांडे तिरपे करून त्याला पिऊ दिले आणि चकित झालेल्या सुनेला प्रेषितांचा (स.) निर्णय ऐकवला की मांजर नापाक नाही, ते तुमच्यात सतत ये-जा करणाऱ्यांपैकी आहे. मूळ अरबी शब्द 'तव्वाफीन'. काबागृहाभोवतीचा तवाफ ज्या धातूपासून आला, त्याच धातूचा. मांजराच्या उष्ट्या पाण्याला शाफई मझहब पूर्णतः पाक मानतो. हनफी मझहबात दुसरे पाणी असताना ते वापरणे किंचित मकरूह आहे. रक्त आणि पू मात्र दोन्हींत नापाक. अल्प डागाला सवलत आहे, पण तिचे मोजमाप भिन्न आहे. औषधपाण्यासाठी एक जुना सदरा वेगळा ठेवला, तर प्रश्नच उरत नाही.

खर्चाचाही प्रश्न येतो. जकातचे आठ हक्कदार सूरह तौबामध्ये नेमून दिले आहेत. मांजराच्या औषधावर जकातची रक्कम खर्च केल्यास जकात अदा होत नाही. मशिदीच्या दानपेटीतील पैसाही दात्यांनी मशिदीसाठी दिलेला असतो, तेव्हा इमामाने त्याला हात लावू नये. ऐच्छिक सदका मात्र यासाठी खुशाल द्यावा. आमच्या बोक्याच्या औषधाचे पैसे असेच जमले. सातव्या आठवड्यात जखमेवर केस उगवले आणि आम्ही दार उघडले. तो कुंपणावरून उडी मारून निघून गेला. दोन दिवसांनी असरच्या वेळी तो वुजूखान्यापाशी दिसला.